तेरा तुकड्यांचं स्टेशन

५ जानेवारी

दादा,

फोनवर विषय काढला की तू लगेच तिकडच्या हवेबद्दल बोलायला लागतोस, म्हणून कागद हातात घेतलाय. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

मी बाबांचं स्टेशन बांधतेय. बत्तिसाव्या हिश्शाचं. खरं स्टेशन आता राहिलंच कुठे; गेल्या महिन्यात जाऊन पाहून आले, तिथे सिमेंटचे पाइप रचून ठेवलेत. एवढी वर्षं नकाशांच्या कचेरीत लोकांच्या जमिनींच्या रेघा ओढल्या, आता एक रेघ आपल्या घरची ओढायची ठरवलीय. इथे छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यात मी सगळ्यात नवी आणि एकटीच बाई. एप्रिलमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे आणि तिथे मला आपलं यार्ड मांडायचंय.

या मापात पूर्ण यार्ड बावन्न फूट लांब होतं. माझी बाहेरची खोली चौदा फूट. म्हणून चार-चार फुटांचे तेरा तुकडे करणार, प्रत्येकाला घडीचे पाय, आणि प्रत्येक तुकडा माझ्या दारातून आडवा निघून तीन जिने उतरला पाहिजे. घरात एका वेळी तीनच तुकडे जोडून बघता येतात. बाकीचे भिंतीला उभे. शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई निवृत्त झाल्यापासून कंटाळल्या होत्या, त्यांना मदतीला धरलंय. त्या म्हणतात की माझ्या घरात आल्यावर अंग चोरून चालावं लागतं.

हे सगळं कशासाठी, ते तुला कळलं असेलच. चौकशीच्या अहवालाची प्रत अर्ज करकरून शेवटी मिळाली. तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास, मी नऊची. मला फक्त शाळेतलं आठवतं, "ती बघ, गाडी ठोकणाऱ्याची पोरगी." अहवालात लिहिलंय की मुख्य रुळावर मालगाडीचे अकरा डबे उभे होते, बाबांच्या सिग्नलच्या केबिनच्या खिडकीतून ते स्पष्ट दिसत होते, तरीही बाबांनी तीन-चाळीसच्या पॅसेंजरला सिग्नल दिला. पॅसेंजर डब्यांवर आदळली आणि इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा पाय गेला. कारण एका शब्दात दिलंय, निष्काळजीपणा. त्या शब्दापायी बाबांची नोकरी गेली आणि उरलेलं आयुष्य ते लाकडाच्या वखारीत वजनं लिहीत बसले.

पण त्या अहवालाला जो नकाशा जोडलाय, त्यात मालाचं गोदामच नाही. एवढं मोठं विटांचं गोदाम, ज्याच्या सावलीत आपण खेळायचो, ते नकाशात काढायलाच विसरले, की मुद्दाम विसरले? मला वाटतं ते डबे गोदामाआड होते. बाबांना दिसणं शक्यच नव्हतं. आणि हे दाखवायला कोर्ट नको, वकील नको. स्टेशन मापात बांधायचं, केबिनची मागची भिंत उघडी ठेवायची आणि लोकांना म्हणायचं, या, खिडकीला डोळा लावा.

तू त्या गोदामात दोन वर्षं माल उतरवून घ्यायचास. केबिनपासून गोदाम किती लांब होतं, ते मला पावलांत कळव.

चिंगी

१९ जानेवारी

चिंगे,

पत्र मिळालं. बासष्टाव्या वर्षी तू आगगाड्या खेळायला लागलीस हे वाचून तुझ्या वहिनीने मला विचारलं की हे घराण्यातच आहे का. मी म्हटलं, आमच्यात उशिरा येतं.

खरं सांगू का, मला हे पटलेलं नाही. तुझी पाठ धरते, तीन जिने आहेत, आणि लोक प्रदर्शनात येतात ते मुलांना गाड्या दाखवायला. त्यांना आपल्या घरातली जुनी दुखणी कशाला? बाबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. अहवाल लिहिणारेही गेले असतील. कोणाशी भांडणार आहेस?

पण तू ऐकणार नाहीस. लहानपणी तुला नको म्हटलं की तू आधी ते करायचीस आणि मग का नको असं विचारायचीस. तर घे. केबिनच्या जिन्यापासून गोदामाच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंत अठ्ठावीस पावलं. माझी तेव्हाची पावलं, म्हणजे अडीच फुटी. गोदामाची उंची साधारण अठरा फूट.

सिग्नलचे हात मी करून पाठवतो. घड्याळं दुरुस्त करून करून बारीक कामाला हात बसलाय, आणि दुकान मुलाने घेतल्यापासून मला कोणी विचारत नाही.

दादा

२ मार्च

दादा,

तुझे सिग्नल पोचले. पोस्टमास्तरीणबाईंनी खोकं हलवून पाहिलं आणि म्हणाल्या की इतकं नीट बांधलेलं पार्सल त्यांनी नोकरीत चारदाच पाहिलं. हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक असतं. सिग्नलचा हात वर-खाली होताना किंचित थरथरतो, अगदी खऱ्यासारखा. तो कसा जमवलास?

दहा तुकडे तयार आहेत. रूळ टाकणं सोपं, तुकडे जोडणं महाकठीण. दोन तुकड्यांमधले रूळ केसभर जरी सरकले तरी गाडी तिथेच मान टाकते. म्हणून प्रत्येक सांध्याला पितळी खुंट्या बसवल्या, खालून बोल्ट, आणि वीज पुढे न्यायला खटके. सुताराने तीन वेळा काम सोडलं. चौथ्यांदा आला तो सातव्या तुकड्याच्या प्रेमात पडून, त्यावर केबिन आहे. तो तुकडा सगळ्यात जड झालाय. केबिनमधले बारा लिव्हर मी साड्यांच्या पिनांचे केलेत.

आता मुख्य गोष्ट. काल सात, आठ आणि नऊ नंबर जोडले, तू सांगितलेल्या अंतरावर गोदाम ठेवलं, अकरा डबे उभे केले आणि खाली वाकून केबिनच्या खिडकीला डोळा लावला. दादा, एकही डबा दिसत नाही. फक्त विटांची भिंत. मी किती वेळ तशीच वाकून राहिले मला ठाऊक नाही, पाठ धरली तेव्हा उठले. आणि रडले, ते पाठीमुळे नाही.

मंडळाचे अध्यक्ष रेल्वेच्या कचेरीतूनच निवृत्त झालेत. त्यांना सांगितलं की शेजारी एक फलक लावणार, त्यावर अहवालातलं ते वाक्य आणि खाली बाण, "इथून बघा." त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. म्हणाले, बाई, हे प्रदर्शन आहे, खटला नाही. मी म्हटलं, खटला पंचेचाळीस मिनिटांत उरकला होता, हे प्रदर्शन तीन दिवसांचं आहे. तेवढा वेळ आमच्या घरालाही मिळू दे.

तू ये. पहिला डोळा तू लावायचास.

चिंगी

२० मार्च

चिंगे,

छान झालं. तुला बरं वाटलं ना, मग झालं तर.

पण फलक लावूच नकोस. स्टेशन सुंदर झालंय, ते नुसतं मांड, लोक बघतील आणि वाहवा करतील. अध्यक्षांशी वाकडं कशाला घेतेस. मला यायला जमेल असं वाटत नाही, खोकला आहे. इथे हवाही खराब आहे.

दादा

१४ एप्रिल

दादा,

प्रदर्शन झालं. फलक लावला होता. दोन दिवस लोक रांगेने वाकत होते आणि उठताना हळहळत होते. एका बाईंनी माझा हात धरला. मी अशी ताठ उभी होते की जणू मीच निकाल लिहिलाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. काठी, आणि एक पाय लाकडी. वर्तमानपत्रात स्टेशनचं नाव वाचून बसने चार तास प्रवास करून आले होते. तोच फायरमन.  मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. बावन्न फूट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. पाण्याची टाकी ओळखली, कुंपणाचं मोडकं फाटक ओळखलं, हसले. मग आठव्या तुकड्याशी थांबले आणि काठीने दाखवून म्हणाले,

"गोदाम इथे नव्हतं. बारा पावलं पुढे होतं. त्याच्या दारासमोर मी दोन तास पडून होतो, मला माहीत आहे."

मी वाद घातला. माझ्या भावाने मोजलंय म्हटलं. त्यांनी खिशातून एक फोटो काढला. अपघातानंतर कोणीतरी काढलेला, वाकडं इंजिन, त्यामागे गोदाम, आणि कडेला केबिनचा जिना. मी आयुष्यभर फोटोंवरून अंतरं काढलीत, दादा. मला फूटपट्टीसुद्धा लागली नाही. चाळीस पावलं.

हॉल भरलेला होता. अध्यक्ष जवळच उभे होते. मला गप्प बसता आलं असतं, फायरमनही आणखी काही बोलणारे नव्हते. मी पेचकस मागितला, सगळ्यांसमोर गोदाम उखडलं आणि अकरा इंच पुढे नेऊन बसवलं. खाली गोंदाचा चौकोन उघडा पडला. मग खिडकीला डोळा लावला.

शेवटचे चार डबे दिसतात. स्पष्ट दिसतात. कोणालाही दिसतील.

फलक मी स्वतः उतरवला. 

आता मला सांग. दोन वर्षं तू त्या जिन्यापासून गोदामापर्यंत दिवसातून दहा वेळा गेलास. घड्याळात अर्धा सेकंद मागेपुढे झाला तर तुला झोप लागत नाही. तू पावलं मोजली होतीस, की माझ्यासाठी बनवलीस?

चिंगी

६ मे

दादा, तीन आठवडे झाले. खोकला असला तरी लिहिता येतं.

१९ मे

चिंगे,

बनवली.

तू गोदामाबद्दल विचारलंस तेव्हा मला खरं अंतर माहीत होतं. मी कागदावर रेघा मारून पाहिलं, किती जवळ आणलं की डबे झाकले जातात. अठ्ठावीस निघाले. हे तुला बरं वाटावं म्हणून केलं असं म्हणणार होतो, पण ते अर्धंच खरं आहे. मला स्वतःलाच त्या खिडकीतून भिंत बघायची होती.

सोबत एक पान पाठवतोय. बाबा ड्यूटीच्या वेळा एका छोट्या वहीत लिहायचे, ती त्यांच्या नंतर मला पत्र्याच्या पेटीत सापडली. हे त्या दिवसाचं पान. तू वाचशीलच, पण मी इथे उतरवतो, म्हणजे मलाही एकदा लिहून होईल.

"काल संध्याकाळी साडेसहा ते आज दुपारी तीन-चाळीस. बदली माणूस मागितला सकाळी आठला, अकराला, एकला. आला नाही. डबे दिसत होते. मी बघितले नाहीत."

एकवीस तास दहा मिनिटं, चिंगे. अहवालात याचा एक शब्द नाही. हे पान दाखवलं असतं तर तेव्हाच्या साहेबांचं पितळ उघडं पडलं असतं. पण त्याच पानावर खाली ती दोन वाक्यं आहेत. वरचं दाखवायचं तर खालचंही दाखवावं लागणार. एकदा मी कात्री घेऊन बसलो होतो. खालची ओळ कापली की बाबा सुटले. बाबांच्या अक्षरावर कात्री चालवायला हात धजेना. म्हणून इतकी वर्षं पान दाबून ठेवलं, आणि शेवटी तुझं गोदामच सरकवलं.

बाबा वखारीत सगळ्यांशी हसून बोलायचे आणि घरी आल्यावर खिडकीकडे पाठ करून बसायचे. तू लहान होतीस, तुला वाटायचं त्यांना ऊन सहन होत नाही. मला माहीत होतं. मी त्यांना कधी एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर ते खरं सांगतील.

तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. त्या फायरमनना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे. कुठल्या तोंडाने सांगणार.

दादा

२२ सप्टेंबर

दादा,

चार महिने लिहिलं नाही. आधी तुझ्यावर चिडले होते, मग तुझ्यावरचा राग ओसरला आणि बाबांवर आला. दिसत होते तर बघितले का नाहीत? एवढंच तर काम होतं. हे एका फटक्यात लिहितेय, पण जूनचा पूर्ण महिना याच्यात गेला. पोस्टमास्तरीणबाई यायच्या आणि नुसते रूळ पुसून जायच्या.

मग मला मंडळाच्या भिंतीवरची सूचना आठवली. अध्यक्षांच्या सहीची आहे. "दर तासाने चालक बदलावा. थकलेल्या हातून चुका होतात." हे प्रदर्शनातल्या छोट्या गाड्यांसाठी. आमच्यातला नियम आहे, आणि बरोबर आहे, तासाभराने माणूस खरंच सांध्यांचा घोळ घालायला लागतो. मी ती सूचना पन्नास वेळा वाचली असेल, पण बाबांशी कधी लावून पाहिली नव्हती.

गेल्या शनिवारी सप्टेंबरचं प्रदर्शन होतं. गोदाम आपल्या खऱ्या जागी, चाळीस पावलांवर. बाबांचं पान काचेत घालून केबिनशेजारी लावलं, अख्खं. शेजारी भिंतीवरच्या सूचनेची नक्कल. आणि मी ठरवलं की बदली घ्यायची नाही. बुटक्या स्टुलावर बसायचं, डोळे केबिनच्या खिडकीच्या उंचीला, आणि दिवसभर एकटीने यार्ड चालवायचं. पोस्टमास्तरीणबाई दुसऱ्या टोकाला, पडद्याआड. दिवसात तीन वेळा त्या मला न सांगता मुख्य रुळावर डबे आणून उभे करणार आणि मग घंटा देऊन गाडी मागणार. डबे दिसले तर मी सिग्नल द्यायचा नाही. इतकं सोपं. खरं कारण तुला सांगते, मला बाबांना दाखवायचं होतं की हे जमतं.

सकाळी सातला मांडणी सुरू केली तेव्हापासून मी कामावर होते. अकरा वाजता पहिल्यांदा डबे आले. मी पाहिले, सिग्नल दिला नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीड वाजता पुन्हा. पुन्हा पाहिले. मनात म्हटलं, बघा बाबा.

चार वाजून पाच मिनिटांनी घंटा झाली. मी हात पुढे केला, लिव्हर ओढला, सिग्नलचा हात खाली आला, जरा थरथरला. गाडी सुटली. माझे डोळे उघडे होते. मी खिडकीतून बघतच होते. चार डबे समोर होते आणि मला ते दिसले ते आवाज झाल्यावर. गाडीचं इंजिन आडवं पडलं, एक डबा टेबलावरून खाली जमिनीवर गेला. 

नऊ तास पाच मिनिटं, दादा. मधे दोनदा चहा झाला होता, जेवणही झालं होतं, पाय आखडले म्हणून उभी राहिले होते, आणि चूक होऊ नये म्हणूनच तिथे बसले होते. बाबा बाविसाव्या तासात होते.

फायरमन सकाळपासून खुर्चीवर बसून होते, त्यांना मी पत्र लिहून बोलावलं होतं. ते उठले, खाली पडलेला डबा त्यांनी उचलला, पुसला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, माझ्या वडिलांमुळे तुमचा पाय गेला, हे खोटं नाही. ते म्हणाले, "नाहीच. पण बदली एक वाजता आली असती तर हा पाय आज इथे असता. हे कोणी लिहिलं नव्हतं, ते तू लिहिलंस." मग त्यांनी पाणी मागितलं.

साडेचारला अध्यक्ष आले. मुलं घाबरतात म्हणाले. रेल्वेच्या कचेरीतून काही लोक उद्या बघायला येणार आहेत, त्यांच्यासमोर हे पान नको. पान काढा, नाहीतर स्टेशन काढा. मी विचारलं, तुमची सूचना राहू दे का भिंतीवर? ते लाल झाले.

मी स्टेशन काढलं. तेरा तुकडे, चाळीस मिनिटं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांना वाटलं मी हरले. अरे, हे हलवता येतं म्हणूनच तर असं बांधलंय. एका जागी खिळलेलं असतं तर पाडता आलं असतं.

आता ऐक. रेल्वेच्या विभागीय कचेरीत अहवालाची फेरतपासणी व्हावी म्हणून अर्ज दिलाय, पानाच्या नकलेसह. तिथल्या कारकुनाने तो घेतला आणि म्हणाला की पोच नंतर मिळेल. मी कधी मिळेल ते विचारलं नाही. तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या खोलीबाहेरचा लांब व्हरांडा आहे, येणारे-जाणारे सगळे तिथून जातात. बावन्न फूट आरामात मावतं. तीन तारखेला सकाळी नऊ वाजता मी तिथे स्टेशन मांडणार आहे. परवानगी मागितलेली नाही. उठवलं तर समोरच्या बँकेच्या दालनात मांडीन, तिथून उठवलं तर वाचनालयात. पोच मिळेपर्यंत मांडत राहणार.

सातवा तुकडा दोघांशिवाय उचलत नाही. पोस्टमास्तरीणबाईंचा खांदा दुखावलाय. सुतार यायला तयार आहे, पण मी त्याला नको म्हटलंय. त्या बाजूला मला दुसरं माणूस हवंय.

पान लपवलंस याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. तरी ये.

चिंगी

२७ सप्टेंबर

चिंगे,

दोन तारखेच्या संध्याकाळच्या गाडीने येतोय. वहिनी म्हणते खोकला आहे. मी तिला सांगितलं की मला खोकला कधीच नव्हता.

वही अख्खी घेऊन येतो, नुसतं एक पान नाही. काल पहिल्यांदा ती सगळी वाचली. त्या महिन्यात बाबांनी सतरा वेळा बदली मागितलीय.

तू स्टुलावर बसणार नाहीस. त्या दिवशी केबिनमागे मी बसेन. कोणी साहेब आला आणि त्याने विचारलं, तर बाबा चुकले हे मी तिथे मोठ्यांदा सांगणार आहे. आणि कितव्या तासाला चुकले, तेही.

दादा